फोटोवर अभिप्राय कसा द्यावा? ‘मस्त’ आणि ‘बेकार’ यांच्या पलीकडे जाऊन सांगताना

पावसाळा लागला की गोंदिया जिल्ह्यातल्या लोकांच्या मोबाइलवर ठरावीक फोटो फिरू लागतात. रोवणीची लगबग, काठोकाठ भरलेला मामा तलाव, धानाच्या बांधीत उभी असलेली सारसांची जोडी. मुर्रीसारख्या शहरालगतच्या गावांतही आता चांगला कॅमेरा असलेला फोन घरोघरी आहे. त्यामुळे फोटो काढणारे वाढले आणि फोटोवर मत देणारेही वाढले.

पण ही मतं बहुतेक दोनच प्रकारची असतात. एक, ‘मस्त’, ‘कडक’, ‘एक नंबर’. दुसरं, ‘जास्तच एडिट केलंय’, ‘काही खास नाही’. पहिल्याने फोटो काढणाऱ्याला बरं वाटतं, दुसऱ्याने वाईट वाटतं. पुढच्या वेळी नेमकं काय वेगळं करायचं, हे मात्र दोन्हींतून कळत नाही. उपयोगी अभिप्राय कसा असतो, रचना आणि एडिटिंग यांत काय पाहायचं आणि ते कसं सांगायचं, हे सारसाच्या फोटोंचं उदाहरण घेऊन समजून घेऊया.

अभिप्राय म्हणजे नेमकं काय?

फोटो पाहून आपल्याला काय वाटलं, ही झाली प्रतिक्रिया. ते फोटोतल्या कोणत्या गोष्टीमुळे वाटलं, हे सांगितलं की तो अभिप्राय होतो. ‘फोटो गिचमिड वाटतो’ ही प्रतिक्रिया. ‘सारसाच्या डोक्यामागे विजेचा खांब आल्यामुळे नजर आधी खांबाकडे जाते’ हा अभिप्राय.

चांगल्या अभिप्रायात साधारण तीन भाग असतात:

- काय दिसलं: फोटोत बोट ठेवून दाखवता येईल अशी गोष्ट.
- त्याचा परिणाम काय झाला: पाहणाऱ्याची नजर कुठे गेली, काय कळलं, काय कळलं नाही.
- काय करून पाहता येईल: करता येण्याजोगा एक बदल.

उदाहरणार्थ, ‘दादा, दोन्ही पक्षी फ्रेमच्या उजव्या कडेला आहेत आणि उजवीकडेच पाहतायत. त्यामुळे ते फोटोबाहेर निघून चाललेत असं वाटतं. त्यांच्या समोर थोडी जागा सोडून पाहा.’ तीन वाक्यांत काम होतं. फोटोग्राफीची पदवी लागत नाही, फोटो नीट पाहावा लागतो.

सांगण्याआधी काय विचारायचं?

‘हा फोटो कशासाठी काढला?’ हा पहिला प्रश्न. घरच्या आठवणीसाठी काढलेला फोटो, स्पर्धेला पाठवायचा फोटो आणि पक्ष्याची नोंद म्हणून काढलेला फोटो, या तिन्हींचे निकष वेगळे आहेत. नोंदीच्या फोटोत पक्षी ओळखता आला तरी पुष्कळ झालं. तिथे क्षितिज दोन अंश तिरकं आहे हे सांगून उपयोग नाही.

दुसरा प्रश्न, ‘सूचना चालतील का?’ फोटो टाकणाऱ्या प्रत्येकाने परीक्षण मागितलेलं नसतं. ‘कसा वाटला?’ असं विचारलं असेल तर मोकळेपणाने सांगा. विचारलं नसेल, तर चांगल्या गोष्टीला दाद द्या आणि सूचना असल्यास आधी परवानगी घ्या.

तिसरी गोष्ट साधनांची. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची लेन्स बहुधा रुंद दृश्य टिपणारी असते. लांबचा पक्षी त्यात इवलासा दिसणारच. ‘मोठी लेन्स घे’ हा सल्ला फोनवर फोटो काढणाऱ्याच्या कामाचा नाही. ‘पक्षी लहानच राहू दे, पण भोवतालची बांधी, धुरा आणि आभाळ असं सगळं नीट मांड’ हा सल्ला कामाचा आहे.

रचनेत काय पाहायचं?

रचना म्हणजे चौकटीत कोणती गोष्ट कुठे ठेवली आणि कोणती बाहेर ठेवली. अभिप्राय देताना पुढच्या गोष्टी क्रमाने पाहिल्या तर बहुतेक मुद्दे सापडतात.

नजर पहिल्यांदा कुठे जाते? फोटो उघडताच डोळा सर्वांत उजळ, सर्वांत ठळक रंगाच्या किंवा सर्वांत स्पष्ट भागाकडे जातो. तो भाग मुख्य विषयाचा नसेल, तर तोच पहिला मुद्दा. कोपऱ्यातली पांढरी प्लॅस्टिकची पिशवी अख्खा फोटो खाऊन टाकते.

क्षितिज कुठून जातं? सारस हा जगातला सर्वांत उंच उडणारा पक्षी आहे. त्याची उंची सहा फुटांच्या आसपास जाते. उभं राहून फोटो काढला की तलावाचा काठ किंवा धुऱ्याची रेष अनेकदा त्याच्या लांब मानेला छेदून जाते. जरा खाली बसलं किंवा दोन पावलं सरकलं की रेष हलते. हा बदल फुकट आहे आणि लगेच करता येतो.

कडेला काय कापलं गेलं? पायांची बोटं, पंखाचं टोक किंवा पाण्यातलं प्रतिबिंब अर्धवट कापलेलं असेल तर ते चुकून झाल्यासारखं दिसतं. कापायचंच असेल तर ठरवून कापलंय असं वाटलं पाहिजे.

पार्श्वभूमी वेगळी दिसते का? सारसाचं अंग राखाडी असतं. ढगाळ आभाळासमोर ते विरून जातं, हिरव्या धानासमोर उठून दिसतं. जागा बदलल्याने काय फरक पडेल, हे सांगता येतं.

चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करून विषय त्या रेषांवर ठेवायचा, हा नियम बहुतेकांना माहीत असतो. तो सुरुवातीला उपयोगी आहे, पण तो मोडला म्हणजे फोटो चुकला असं होत नाही. स्थिर पाण्यात पूर्ण प्रतिबिंब पडलं असेल तर क्षितिज बरोबर मध्यावर ठेवणंच अनेकदा चांगलं दिसतं. म्हणून ‘नियम पाळला नाही’ असं न म्हणता ‘मध्यभागी ठेवल्याने काय झालं’ ते सांगावं.

एडिटिंगबद्दल कसं बोलायचं?

‘जास्त एडिट केलंय’ हे वाक्य सर्वांत जास्त वापरलं जातं आणि त्यातून सर्वांत कमी कळतं. काय जास्त झालं? रंग, उजेड, की तीक्ष्णपणा?

रंग: प्रौढ सारसाचं डोकं आणि मानेचा वरचा भाग लाल असतो. सॅच्युरेशन वाढवलं की तो लाल रंग इतका भडक होतो की त्वचेचा पोत हरवून नुसता लाल ठिपका उरतो. सोबत राखाडी पिसं निळसर दिसू लागतात आणि धान पोपटी होतं. अशा वेळी ‘डोक्यावरचा पोत गेलाय, लाल रंगापुरतं सॅच्युरेशन कमी करून बघ’ असं सांगता येतं. फोनवरच्या बऱ्याच एडिटिंग ॲपमध्ये एकेक रंग वेगळा हाताळायची सोय असते.

उजेड: आभाळ पूर्ण पांढरं झालं असेल तर त्यातली माहितीच संपलेली असते. ती नंतर स्लायडर ओढून परत येत नाही. इथे सूचना एडिटिंगची नाही, फोटो काढतानाची आहे: स्क्रीनवर उजळ भागावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करायचा.

तीक्ष्णपणा: पक्ष्याच्या कडेने पांढरी रेघ दिसत असेल तर शार्पनिंग जास्त झालं आहे. पिसं मेणासारखी गुळगुळीत दिसत असतील तर फोनने किंवा ॲपने दाणे काढताना बारकावेही पुसले आहेत.

क्रॉप: रुंदी आणि उंची दोन्ही अर्धी केली की मूळ फोटोचा फक्त पाव भाग उरतो. 12 मेगापिक्सेलचा फोटो 3 मेगापिक्सेलचा होतो. मोबाइलवर तो चालून जाईल, मोठ्या प्रिंटला कमी पडेल.

एक खबरदारी. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो. त्यावरून ‘फोटो शार्प नाही’ असं म्हणणं अन्यायाचं ठरू शकतं. तीक्ष्णपणाबद्दल बोलण्याआधी मूळ फाइल पाहा.

किती बदल चालतो?

हे फोटो कोणत्या नावाखाली दाखवला जातोय त्यावर ठरतं. कलात्मक चित्र म्हणून दाखवला तर बरीच मोकळीक आहे. ‘हे असं घडलं’ म्हणून दाखवला तर नाही. निसर्ग छायाचित्रणाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत चालणाऱ्या फियाप, पीएसए आणि आरपीएस या संस्थांच्या व्याख्येनुसार क्रॉप करता येतो, पण चित्रातली वस्तू काढून टाकता येत नाही, नवी घालता येत नाही, हलवताही येत नाही.

‘नॅशनल जिओग्राफिक’ने फेब्रुवारी 1982 च्या मुखपृष्ठावर गिझाच्या पिरॅमिडांचा आडवा फोटो उभ्या चौकटीत बसावा म्हणून पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले होते. त्यावरचा वाद आजही उदाहरण म्हणून सांगितला जातो. म्हणून सारसामागचा खांब पुसलेला दिसला तर ‘चीटिंग’ म्हणू नका. ‘खांब काढल्याचं कॅप्शनमध्ये लिही, आणि हा फोटो निसर्ग विभागात पाठवू नकोस’ एवढं सांगणं पुरेसं आणि नेमकं आहे.

फोटो कसा मिळवला, हेही विचारायचं का?

वन्यजीवांच्या बाबतीत, हो. महाराष्ट्रात सारस आता प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. पावसाळ्यात तो पाणथळ जागी किंवा थेट धानाच्या बांधीत घरटं करतो आणि साधारण दोनच अंडी घालतो. फोटोसाठी माणसं पुन्हा पुन्हा जवळ गेली तर पक्षी घरट्यापासून दूर राहतात आणि अंडी उघडी पडतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंही येतं.

त्यामुळे घरट्याच्या जवळून काढलेल्या फोटोला ‘काय क्लोजअप आहे!’ अशी दाद देणं म्हणजे इतरांनाही तिकडे पाठवणं. अशा फोटोवर रचनेची चर्चा बाजूला ठेवा. फोटो काढणाऱ्याला खासगीत सांगा: घरट्याचा फोटो काढून टाक, गावाचं नाव आणि लोकेशन लिहू नकोस. व्हॉट्सॲपवर मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर फोटोत साठवलेलं ठिकाणही सोबत जाऊ शकतं, हेही लक्षात आणून द्या. शेत कुणाचं आहे आणि धुऱ्यावर जायची परवानगी घेतली का, हा प्रश्नही रास्त आहे. रोवलेलं धान तुडवून काढलेला फोटो शेतकऱ्याला महाग पडतो.

चारचौघांत सांगायचं की खासगीत?

- चांगलं काय आहे ते सर्वांसमोर सांगा, पण नेमकं सांगा. ‘उजेड छान’ ऐवजी ‘मागून आलेल्या उन्हामुळे पंखांची कड उजळली’ असं.
- नवख्याला एका वेळी एकच सूचना द्या. सात चुका ऐकलेला माणूस एकही सुधारत नाही.
- फोटोबद्दल बोला, माणसाबद्दल नको. ‘तुला फ्रेमिंग कळत नाही’ यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही.
- दुसऱ्याचा फोटो न विचारता एडिट करून परत टाकू नका.
- वयाने मोठ्या माणसाला सांगतानाही मुद्दा तोच ठेवा, सूर बदला: ‘काका, थोडं खाली बसून काढला असता तर मान मोकळी दिसली असती का?’

अभिप्राय ऐकणाऱ्याने काय करावं?

‘कसा वाटला?’ असं मोघम विचारण्याऐवजी ‘क्रॉप जास्त झाला का?’ किंवा ‘हिरवा रंग खरा वाटतो का?’ असं विचारलं की उत्तरंही नेमकी येतात. प्रत्येक सूचना मानायला हवी असं नाही. पण एकमेकांशी न बोललेले दोन-तीन जण एकाच जागी अडखळले, तर तिथे काहीतरी आहे असं समजावं. शंका असेल तर मूळ फोटो जपून ठेवून त्याच्या प्रतीवर बदल करावा, दुसऱ्या दिवशी दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत आणि मग ठरवावं.