माख्लोकेत : यहुदी आचारधर्मातील मतभेद

एकाच आचाराविषयी अधिकारी रब्बींनी दिलेले परस्परविरुद्ध निर्णय यहुदी धर्मशास्त्रात, म्हणजे हलाखात, माख्लोकेत ह्या हिब्रू संज्ञेने ओळखले जातात. दिवा आधी लावावा की आशीर्वचन आधी म्हणावे, मांस खाल्ल्यानंतर दूध किती वेळाने प्यावे, दाराच्या चौकटीवरील पवित्र लेख उभा ठोकावा की तिरपा, अशा नित्याच्या बाबींत हे मतभेद विशेषेकरून आढळतात. इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरूसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केल्यानंतर सर्व यहुद्यांवर हुकमत चालेल अशी मध्यवर्ती धर्मसभा उत्तरोत्तर क्षीण होत गेली, हे मतभेद वाढण्याचे एक कारण खरे. तथापि त्यांचा उगम त्या विपत्तीत नाही. मंदिर उभे असतानाच दोन थोर विद्यापीठे शेकडो प्रश्नांवर एकमेकांविरुद्ध उभी होती, आणि मतभेद असताना एका समाजात कसे राहावे ह्याचे नियमही त्याच काळी आकारास येऊ लागले होते. त्या नियमांमुळे माख्लोकेतला निव्वळ पांडित्याच्या इतिहासाहून निराळे महत्त्व प्राप्त झाले आहे.

ही दोन विद्यापीठे हिल्लेल आणि शम्माई ह्या इसवी सनाच्या आरंभीच्या आचार्यांच्या नावांनी प्रसिद्ध आहेत. हनुक्का ह्या दिव्यांच्या सणाच्या आठ रात्रींत पहिल्या रात्री आठ दिवे लावून प्रतिदिनी एकेक कमी करीत जावे, असे शम्माईचा पक्ष म्हणे. एकापासून आरंभ करून आठांपर्यंत चढत जावे, कारण पवित्र गोष्टींत वाढच व्हावी, घट होऊ नये, असे हिल्लेलच्या पक्षाचे म्हणणे होते, आणि आज जगभर तीच वहिवाट आहे. सायंकाळची ‘शेमा’ ही प्रार्थना अंग टेकूनच म्हणावी, हा शम्माईपंथीयांचा आग्रह; हिल्लेलपंथीयांच्या मते मनुष्य ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत ती म्हणता येते. ह्या दोन पक्षांत एकदा तीन वर्षे वाद चालला, अखेर आकाशवाणी झाली आणि तिने दोहोंची वचने ईश्वराचीच असल्याचे सांगून आचरणापुरता निवाडा हिल्लेलच्या बाजूने दिला, अशी कथा तालमूद ह्या रब्बींच्या चर्चांच्या संग्रहात आहे. असा निवाडा का झाला, ह्याचे तेथे दिलेले कारण फार मोलाचे आहे. हिल्लेलचे शिष्य अधिक तर्ककुशल होते असे तालमूद म्हणत नाही. ते सौम्य व सहनशील होते, प्रतिपक्षाचे मतही शिकवीत, इतकेच नव्हे तर आपल्या मताच्या आधी ते शिकवीत, म्हणून त्यांचा शब्द प्रमाण झाला, असे ते सांगते. ज्याने विरोधकाचे म्हणणे पुरतेपणी मांडले त्याच्या हाती निर्णय सोपवावा, हे तत्त्व धर्मनिर्णयाच्या इतिहासात विरळाच आढळते.

मतभेद मान्य करणे म्हणजे काय, ह्याची खरी कसोटी दिव्यांच्या संख्येवर लागत नाही. ती विवाहात लागते. अपत्यहीन मृत बंधूच्या विधवेशी दिराने विवाह करावा, अशी बायबलमधील आज्ञा आहे. पण मृताच्या अनेक पत्नींपैकी एक दिराचीच कन्या असेल तर तिच्या सवतीशी त्याने विवाह करावा की नाही, ह्यावर दोन्ही पक्षांचा तीव्र मतभेद होता. शम्माईचा पक्ष तो विवाह धर्म्य मानी; हिल्लेलच्या पक्षाच्या मते तो सर्वथा निषिद्ध होता आणि त्यापासून झालेल्या संततीच्या कुलशुद्धीलाच बाध येत होता. असे असताही दोन्ही पक्षांनी एकमेकांत सोयरीक करण्याचे थांबविले नाही, आणि शुद्धाशुद्धतेविषयी वाद असूनही एकमेकांची भांडी वापरण्याचे सोडले नाही, अशी नोंद मिश्ना ह्या रब्बींच्या नियमसंग्रहात (सु. इ.स. २००) आवर्जून केलेली आहे. हे साधले कसे, ह्याचा तालमूदने खुलासा केला आहे : ज्या घराण्याविषयी दुसऱ्या पक्षाच्या दृष्टीने शंका असे, त्याची वार्ता पहिला पक्ष आपण होऊन कळवीत असे. आपल्या लेखी जे निर्दोष आहे ते दुसऱ्याच्या लेखी सदोष असल्यास त्याला अंधारात ठेवावयाचे नाही, आणि त्याने माहितीच्या आधारे नकार दिल्यास रोष धरावयाचा नाही, ह्या प्रामाणिकपणावर ती सोयरीक उभी होती. मतभेदाचा स्वीकार म्हणजे मताविषयी उदासीनता नव्हे, ही गोष्ट ह्याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण सापडणे कठीण.

ह्या औदार्याला मर्यादाही होत्या. पंचांग हा सार्वजनिक विषय. अर्धा समाज एका दिवशी उपोषण करतो आणि अर्धा दुसऱ्या दिवशी, ही स्थिती रब्बींना असह्य वाटे. चंद्रदर्शनाच्या साक्षीविषयी यहोशुआ ह्या आचार्याने शंका घेतली, तेव्हा धर्मसभेचा प्रमुख रब्बान गमलिएल ह्याने त्याला हुकूम पाठविला, की तुझ्या गणनेने ज्या दिवशी योम किप्पूर हा उपोषणाचा दिवस येतो त्या दिवशी हाती काठी आणि कमरेला पैशाची पिशवी घेऊन माझ्यापुढे हजर व्हावे. यहोशुआ आपले मत न सोडता गेला. गमलिएलने उठून त्याच्या मस्तकाचे चुंबन घेतले आणि विद्येत त्याला आपला गुरू म्हटले. एलियेझर ह्या दुसऱ्या आचार्याची कथा इतकी सुखद नाही. एका मातीच्या भट्टीच्या शुद्धतेविषयी तो एकटा बहुमताविरुद्ध उभा राहिला, चमत्कार आणि आकाशवाणीही त्याच्या बाजूने साक्ष देऊ लागल्या. तरीही शास्त्र एकदा मनुष्यांच्या स्वाधीन झाल्यावर स्वर्गातून निवाडे येऊ शकत नाहीत, असे सभेने ठरविले आणि त्याला बहिष्कृत केले. त्या बहिष्काराने झालेल्या दुःखाचे वर्णन तालमूद लपवीत नाही, आणि बहुमताचा विजय विजेत्यांनाही जड गेला, हे त्या वर्णनावरून दिसते.

पराभूत मत दफ्तरातून खोडावयाचे नाही, हा ह्याच परंपरेचा दुसरा नियम. निर्णय बहुमताने होत असता एकट्याचे मत कशासाठी लिहून ठेवावयाचे, असा प्रश्न मिश्नामध्येच उपस्थित केलेला आहे. त्यावर, पुढे एखाद्या धर्मसभेला तेच मत योग्य वाटल्यास तिला आधार मिळावा म्हणून, असे उत्तर येते. रब्बी आणीबाणीच्या प्रसंगी अल्पमताचा दाखला देऊन सवलत देतात, ती ह्याच तजविजीच्या जोरावर.

मतभेदाचे दुसरे क्षेत्र स्थानिक वहिवाटीचे, हिब्रूत जिला मिनहाग म्हणतात तिचे आहे. पक्ष्याचे मांस दुधाशी खाणे बहुतेक आचार्यांनी निषिद्ध ठरविले, पण गालीलच्या योसे ह्या आचार्याच्या गावी ते उघडपणे खाल्ले जाई. लेवी नावाचा पंडित एका पारध्याच्या घरी पाहुणा असता त्याच्यापुढे दुधात शिजविलेले मोराचे डोके वाढण्यात आले. त्याने ते खाल्ले नाही आणि यजमानाला दोषही दिला नाही. ह्या लोकांना बहिष्कृत का केले नाहीस, असे गुरूने विचारता, त्या गावच्या आचार्याने त्यांस योसेच्या मताप्रमाणे शिकविले असावे, असे त्याने उत्तर दिले. परगावी जाणाऱ्याने आपल्या गावचे निर्बंध सोडू नयेत, परंतु कलह उत्पन्न होईल असे वेगळेपणही मिरवू नये, असा मिश्नाचा दंडक आहे. एकाच नगरात दोन न्यायसभांनी दोन प्रकारे निर्णय द्यावेत काय, ह्यावर अबय्ये व रावा ह्या बाबिलोनच्या पंडितांत मतभेद झाला : अबय्येने ते गटबाजीचे म्हणून निषिद्ध मानले, रावाने फक्त एकाच सभेत फूट पडणे निषिद्ध ठरवून दोन स्वतंत्र सभांना मोकळीक दिली. मोठमोठ्या शहरांत निरनिराळ्या देशांतील यहुदी शेजारी राहू लागले, तेव्हा रावाचे मत सर्वांच्या उपयोगी पडले.

हे सर्व निर्णय एका ग्रंथात आणण्याचा सर्वांत यशस्वी प्रयत्न गालीलमधील साफेद येथील योसेफ कारो (१४८८–१५७५) ह्याने केला. त्याचा ‘शूल्हान आरूख’, म्हणजे ‘मांडलेले मेज’, १५६५ मध्ये व्हेनिस येथे छापला गेला. अल्फासी, मायमोनिदीझ आणि आशेर बेन येहिएल ह्या पूर्वीच्या तीन शास्त्रकारांपैकी दोघांचे मत जुळेल ते ग्राह्य धरावे, अशी त्याची सामान्य पद्धती होती. परंतु त्यामुळे स्पेन व पूर्वेकडील देशांच्या, म्हणजे सेफार्दी, परंपरेचे पारडे जड झाले आणि जर्मनी-पोलंडकडील अश्केनाझी वहिवाट उपेक्षित राहिली. क्राकावचा रब्बी मोशे इसर्लेस (मृ. १५७२) ह्याने प्रतिस्पर्धी ग्रंथ रचण्याऐवजी कारोच्याच मजकुरात आपल्या टिपा घातल्या आणि त्यांस ‘माप्पा’, म्हणजे मेजावरचे वस्त्र, असे नाव दिले. परिणामी एकच पान उघडले असता दोन परस्परविरुद्ध निर्णय एकाखाली एक दिसतात, वाचक आपापल्या परंपरेप्रमाणे एक उचलतो, आणि दुसराही त्याच्या दृष्टीखालून जातो. हिल्लेलच्या शिष्यांची शिस्त छापील पानावर उतरली ती ह्या रीतीने. एकीकरणासाठी लिहिलेल्या ग्रंथाने भेदाला कायमचे स्थान मिळवून द्यावे, हे त्या ग्रंथाचे अपयश मानणारे पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते तेच त्याचे सर्वांत मोठे यश होय.

गृहस्थाश्रमातील काही भेद येथे नमूद करणे उचित आहे. मांसाहारानंतर दुधासाठी सहा तास थांबण्याची चाल सर्वाधिक प्रचलित आहे. जर्मन यहुद्यांत तीन तासांची आणि डच यहुद्यांत एका तासाची परंपरा आहे. शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनाचे, दिवे लावताना अनेक सेफार्दी स्त्रिया आधी आशीर्वचन म्हणतात, कारण ते कृतीपूर्वी म्हणावे हा सामान्य नियम. अश्केनाझी स्त्रिया आधी दिवे लावतात, कारण आशीर्वचनाने शब्बाथ सुरू झाल्यावर अग्नी पेटविता येत नाही. चौकटीवरील लेख, मेझूझा, उभा असावा असे राशी ह्या भाष्यकाराचे (१०४०–११०५) मत. त्याच्याच नातवाने, रब्बेनू ताम ह्याने, तो आडवा असावा असे म्हटले. सेफार्दींनी आजोबाचे ऐकले, आणि अश्केनाझींनी दोघांचाही मान राखून तो तिरपा ठोकण्याची वहिवाट पाडली. पेसाहच्या सणात पाच धान्यांचे खमीर वर्ज्य आहे, ह्याविषयी वाद नाही. पण तांदूळ व कडधान्येही वर्ज्य करण्याची चाल तेराव्या शतकात फ्रान्समध्ये प्रथम नोंदली गेली आणि अश्केनाझींनी ती स्वीकारली, सेफार्दींनी स्वीकारली नाही. तथापि इसर्लेसने असा निर्णय दिला, की हे दाणे अन्नात पडले तरी अन्न निषिद्ध होत नाही; त्यामुळे सेफार्दी घरातील भांडी अश्केनाझी पाहुण्याला परकी राहिली नाहीत. पाहुण्याला जी वस्तू वर्ज्य आहे ती यजमान न सांगता त्याला वाढणार नाही, असा विश्वास पाहुण्याने ठेवावा, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे. विवाहासंबंधी जो प्रामाणिकपणा हिल्लेल-शम्माईच्या शिष्यांनी पाळला, तोच येथे जेवणाच्या पंगतीला लागू झाला.

विसाव्या शतकाने नवे विषय पुढे आणले. शब्बाथला विजेचे बटण दाबणे निषिद्ध का, ह्यावर ‘खाझोन ईश’ ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या अव्राहाम येशाया कारेलिट्झ (१८७८–१९५३) ह्याने मंडल पूर्ण करणे हे बांधकामच होय असे प्रतिपादिले. श्लोमो झाल्मान आउएरबाख (१९१०–१९९५) ह्याने तो तर्क मान्य केला नाही, पण रूढ झालेला निषेध कायम ठेवला. अमेरिकेत मोशे फाइनश्टाइन (१८९५–१९८६) ह्याने असा निर्णय दिला, की सरकारी तपासणी व दंडाची भीती असल्याने व्यापारी दुग्धालयांचे दूध, दोहन यहुदी माणसाच्या देखत झाले नसले तरी, ग्राह्य आहे. मात्र काटेकोर राहू इच्छिणाऱ्याने ह्या सवलतीचा लाभ घेऊ नये, असेही त्यानेच सुचविले. अमेरिकेतील कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मनिर्णय समितीत पंचवीस सदस्यांपैकी सहांची मते पडली तरी एखादे मत अधिकृत ठरते, त्यामुळे एकाच प्रश्नावर दोन विरुद्ध निर्णय एकाच समितीच्या मान्यतेने नांदू शकतात. ऑर्थोडॉक्स रब्बी मात्र ही रीत, आणि त्या समितीचा अधिकारही, मानीत नाहीत. पॅलेस्टाइनमध्ये, आणि पुढे इस्राएलमध्ये, १९२१ पासून अश्केनाझी आणि सेफार्दी असे दोन प्रधान रब्बी एकाच वेळी अधिकारावर असतात.

ह्या परंपरेची सर्वांत कठोर परीक्षा मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्या वाट्यास आली. कोकणातील बेने इस्राएल समाज शतकानुशतके रब्बींच्या जगापासून दूर राहिला. सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि ‘शेमा’ ही त्याने जपली. शनिवारी घाणा बंद ठेवण्यावरून त्यास शनिवार तेली हे नाव पडले. रब्बींच्या पद्धतीचे घटस्फोटपत्र मात्र त्याच्या व्यवहारात नव्हते. कोचीनच्या यहुद्यांकडून त्याने पुढे सेफार्दी उपासनापद्धती आत्मसात केली आणि १७९६ मध्ये सॅम्युएल एझिकिएल दिवेकर ह्यांनी मुंबईत त्याचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. तरी मुंबईतील बगदादी यहुदी त्याच्याशी सोयरीक टाळीत. इस्राएलमध्ये स्थलांतर झाल्यावर हाच प्रश्न राज्याचा झाला. १९६१ मध्ये प्रधान रब्बींच्या मंडळाने बेने इस्राएलांशी विवाहास अनुमती दिली, पण १९६२ मध्ये काढलेल्या सूचनांनी विवाहनोंदणी करणाऱ्या रब्बींस त्यांच्या अनेक पिढ्यांची तहकीकात करावयास सांगितले. शास्त्राच्या दृष्टीने शंका घेणे शक्य होते, हे मान्य केले पाहिजे. पण शंका एका समाजाच्या नावाने जाहीर करणे हे हिल्लेल-शम्माईच्या शिष्यांनी कधी केले नव्हते, आणि जी खाजगीत, सद्भावाने कळवावयाची तिची चौकशी येथे सरकारी फर्मानासारखी सर्वांवर लादली गेली. बेने इस्राएलांनी जेरूसलेममध्ये १९६४ च्या उन्हाळ्यात निदर्शने केली. त्या ऑगस्टमध्ये पार्लमेंटने हा समाज सर्व बाबतींत यहुदी असल्याचे घोषित केले. त्यानंतर प्रधान रब्बींच्या मंडळाने सूचनांतून बेने इस्राएल हे नाव वगळून तेथे ‘ज्यांच्या कुलाविषयी संशय असेल असे सर्व’ ह्या अर्थाचे शब्द घातले, परंतु संशयिताची चौकशी करण्याचा आपला अधिकार राखून ठेवला.