बिजली (वार्षिक शेवंती)

सूर्यफुलाच्या कुलातील (ॲस्टरेसी) वर्षायू ओषधी. शास्त्रीय नाव ग्लेबिओनिस कोरोनॅरिया. मूळची भूमध्य समुद्राभोवतालची. हिवाळी पावसावर शेतांच्या कडेला व पडीक जागी ती उगवते, वसंतात माळ पिवळे करते आणि उन्हाळा तापला की बी टाकून वाळते. लिनीअस यांनी १७५३ मध्ये तिला क्रिसँथेमम प्रजातीत घातले होते. पुढे १९९९ च्या सेंट लुइस येथील वनस्पतिशास्त्र परिषदेने ते नाव फुलबाजारातल्या शेवंतीसाठी राखले, तेव्हा हिची प्रजात बदलली. विदर्भात सुट्या फुलांसाठी हिची लागवड होते.

झाड कमरेइतके वाढते. पाने बारीक कातरलेली, चुरगळली की उग्र वासाची. फूल तीन ते सहा सेंमी. रुंद, पाकळ्या सर्वस्वी पिवळ्या, किंवा टोकाला पांढऱ्या व बुडाशी पिवळ्या. एकाच फुलात दोन तऱ्हांचे बी धरते: कडेचे तिधारी व पंखाचे, मधले निराळ्या घडणीचे. सगळे बी एकदम रुजत नाही, म्हणून एकदा लावलेल्या वाफ्यात पुढेही रोपे आपसूक येत राहतात. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनारी भागात ती याच चिवटपणाने तण होऊन बसली आहे. मोकळ्या रानालगत बाग असेल, तर बी धरण्यापूर्वी फुले खुडणेच बरे.

महाराष्ट्रात पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात बी पेरावे. थंडी हाच तिचा खरा हंगाम. बी उथळ टाकून वर मातीचा पातळ थर द्यावा. जागा भरपूर उन्हाची व पाण्याचा निचरा होणारी हवी. खताचा मोह मात्र आवरावा. नत्र जास्त झाले की झाड पाल्यावर जाते, फांद्या लोळतात, फूल उशिरा येते. हलक्या जमिनीतली झाडे ठेंगणी, आटोपशीर आणि फुलांनी भरलेली असतात. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे बगलफुटी वाढतात. सुकलेली फुले काढत राहिल्यास बहर लांबतो. कोवळ्या शेंड्यांवर मावा पडतो, तिकडे लक्ष असावे.

पाला खाण्याजोगा आहे. क्रीट बेटावर कोवळे कोंब रानभाजी म्हणून खातात. जपानात ही ‘शुंगिकू’, उकळत्या रश्शात अगदी शेवटी घालायची भाजी. कळ्या धरण्यापूर्वीच पाने खुडावीत, नंतर ती कडवट होतात. गाजरगवताने अंगावर पुरळ उठणाऱ्यांनी हातमोजे घालून काम करावे. दोन्ही एकाच कुलातली आहेत.