कोयनेचा भूकंप आणि मुंबईची वीज

मंडळी, भूकंप म्हटलं की आपल्याला आधी आठवतं ते 1993 चं किल्लारी. आज आपण त्याच्याही 26 वर्षं मागे, कोयनानगरला जाणार आहोत. त्या भूकंपाशी आपलं, म्हणजे घाटकोपर-मुलुंडकरांचं, जरा जवळचं नातं आहे.

कोयना खरी कऱ्हाडला जाऊन कृष्णेला मिळणारी. 103 मीटर उंच धरण बांधून आपण तिला अडवलं, पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला वळवलं आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडलं. ती वीज मुंबईच्या कारखान्यांना मिळाली. वरची गावं पाण्याखाली गेली.

1962 पासून जलाशय भरू लागला, तसे बारीक धक्के जाणवू लागले. सप्टेंबर 1967 मध्ये जरा मोठे बसले. आणि मग 11 डिसेंबर, सोमवार, पहाटे 4 वाजून 21 मिनिटं. तीव्रता सुमारे 6.3. लोक साखरझोपेत, दगडी भिंती अंगावरच आल्या. सुमारे 180 माणसं गेली. धरणाला वरच्या भागात तडे गेले, पण ते टिकलं. फुटलं असतं तर खाली कऱ्हाड होतं, सांगली होती. विचार करून बघा!

मुंबईची कोयनेकडून येणारी वीज गेली, कारखाने थंडावले. पण घाटकोपर-भांडुपच्या चाळींत पाटण खोऱ्यातली कितीतरी कुटुंबं होती. त्यांना विजेचं काय पडलंय? घरची माणसं गावाकडे होती.

तोवर आपलं दख्खनचं पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानलं जाई. तो समज तिथे मोडला. मग प्रश्न आला: हे पाण्यामुळे झालं का? आफ्रिकेतल्या करिबा धरणापाशीही असंच घडलं होतं. पाण्याने भूकंप ‘केला’ हे म्हणणं आम्हाला सैल वाटतं. ताण खडकात आधीच साठलेला असतो. भेगांत झिरपलेलं पाणी दाब वाढवतं आणि खडक सरकायला निमित्त होतं. पण निमित्त आपण पुरवलं, हे नाकारता येत नाही.

धरण पुढे मजबूत केलं, वीज पुन्हा सुरू झाली. धरणग्रस्तांची जमिनीची मागणी मात्र पन्नास वर्षांनंतरही आंदोलनात होती. आणि पावसाळ्यात जलाशय भरला, की कोयनेच्या परिसरात आजही जमीन हलते.