मेरिक कोण होता?

दोन वर्षांपूर्वी आई-बाबा भारतातून आले होते, तेव्हा ऑक्टोबरमध्ये आम्ही फिनिक्सहून मॉन्युमेंट व्हॅलीला गेलो. फ्लॅगस्टाफ, ट्यूबा सिटी, कायेंटा असा पाच-साडेपाच तासांचा रस्ता. फाटकाशी गेल्यावर पहिली गोष्ट कळली, ती म्हणजे राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास इथे चालत नाही. हे उद्यान वॉशिंग्टनच्या सरकारचे नसून नवाहो लोकांचे आहे आणि त्यांच्याच परिषदेने ते 1958 साली स्थापन केले.

समोर तीन अजस्र तांबडे कातळ उभे होते. दोघांचा आकार अंगठा वेगळा असलेल्या हातमोज्यासारखा, म्हणून त्यांना 'मिटन' म्हणतात. तिसऱ्याचे नाव मेरिक ब्यूट. बाबा निवृत्त भूगोल शिक्षक. नकाशा उलगडून त्यांनी विचारले, "हा मेरिक कोण?" मला सांगता येईना. मग त्यांनी आधी दगडच समजावून सांगितला.

सपाट माथ्याचा, ताशीव कड्यांचा पसरट डोंगर म्हणजे 'मेसा'. स्पॅनिशमध्ये मेसा म्हणजे मेज. तो झिजून लहान झाला, की उरतो तो ब्यूट आणि ब्यूट झिजला की सुळका. पायथ्याचा उतार ऑर्गन रॉक नावाच्या मऊ शेलचा, त्यावरची उभी भिंत द शे वालुकाश्माची, आणि बऱ्याच ब्यूटांच्या माथ्यावर मोएनकोपी व शिनारम्प या थरांची टोपी. भिंतीचा वालुकाश्म म्हणजे सुमारे 27 कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे यापुढे तरुणच! तांबडा रंग लोहाच्या गंजाचा. खालचा शेल झिजला की वरच्या वालुकाश्माचा आधार जातो आणि तो उभ्या भेगांवर तुटून पडतो, म्हणून कडा कायम सरळ राहतो. "सगळे पठार एकदा याच उंचीचे होते," बाबा म्हणाले, "बाकीचे वाहून गेले, हे राहिले."

उद्यानातला 17 मैलांचा कच्चा रस्ता आपल्या गाडीने फिरता येतो. त्याच्या पलीकडे नवाहो वाटाड्याशिवाय जायला परवानगी नाही. आम्ही एका बाईंची जीप ठरवली. त्यांचे माहेर याच दरीतले. काही कुटुंबे आजही इथे राहतात. मी आपला नेहमीचा विनोद केला, "आम्हीही इंडियनच!" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "आम्ही स्वतःला दिने म्हणतो." दिने म्हणजे माणसे. पुढे मी गप्प बसलो.

मेरिकची हकीकत त्यांनीच सांगितली. 1864 साली अमेरिकेच्या फौजेने हजारो नवाहोंना घरादारातून काढून न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडोला पायी नेले. वाटेत आणि तिथल्या छावणीत कितीतरी माणसे मेली. 1868 च्या तहानंतर उरलेले परत आले. होस्कनिनी नावाचा एक पुढारी मात्र आपली माणसे घेऊन याच मुलखात लपून राहिला आणि फौजेच्या हाती लागला नाही. त्याच्याजवळ चांदीची गुप्त खाण आहे, अशी वदंता पसरली. ती शोधायला मेरिक आणि मिचेल हे दोघे आले आणि 1880 साली इथेच मारले गेले. त्यांची नावे इथल्या दोन ब्यूटांना मिळाली. चांदी न्यायला आलेल्यांची नावे नकाशावर राहिली!

पर्यटनाचा उगमही असाच अडचणीतला. 1930 च्या दशकात जमिनीची धूप होते म्हणून सरकारने नवाहोंच्या मेंढ्या-शेळ्या सक्तीने कमी केल्या, अनेक तर मारूनच टाकल्या. मेंढी हेच ज्यांचे धन, त्यांच्या घरात दारिद्र्य आले. इथे दुकान चालवणारे हॅरी गोल्डिंग 1938 साली दरीची छायाचित्रे घेऊन हॉलिवूडला दिग्दर्शक जॉन फोर्ड यांच्याकडे गेले. 1939 साली 'स्टेजकोच' झळकला. पुढे फोर्ड पुन्हा पुन्हा इथे आले. नवाहोंना काम मिळाले, पण पडद्यावर त्यांना कधी अपाची, कधी कोमांची व्हावे लागले. जगाला हे कातळ पाठ झाले, इथल्या माणसांचे नाव मात्र नाही.

माथ्याच्या टोपीतला शिनारम्प हाच थर परिसरात युरेनियम बाळगून होता. 1940 ते 1960 च्या दशकांत अमेरिकेच्या अणुबाँबसाठी ते काढले गेले. खाणीत उतरणाऱ्या नवाहोंना धोक्याची कल्पना कोणी दिली नव्हती. फुप्फुसाच्या रोगांनी अनेक घरे उद्ध्वस्त झाली. अखेर 2005 साली नवाहो राष्ट्राने आपल्या भूमीवर युरेनियमच्या खाणकामास बंदी घातली.

जीपमधून उतरताना बाबांनी सवयीने एक तांबडा खडा उचलला होता. शाळेच्या काचेच्या कपाटात त्यांनी असे कितीतरी दगड गोळा केले आहेत. बाईंनी तो पाहिला, पण काही बोलल्या नाहीत. गोष्ट संपल्यावर बाबा मागे वळले, खडा होता तिथे ठेवला आणि हात झटकून आले. "कपाटात बसॉल्ट भरपूर आहे," एवढेच म्हणाले.

मंडळी, तुम्ही जाल तेव्हा नवाहो वाटाड्या जरूर घ्या. पैसे दरीतल्या माणसांच्या हाती पडतात आणि हकीकत त्यांच्या तोंडून कळते. बाबांनी प्रवासाच्या वहीत त्या दिवसाच्या मथळ्याला मेरिकचे नाव दिले नाही. बाईंकडून दोनदा म्हणवून घेऊन त्यांनी दरीचे नवाहो नाव देवनागरीत लिहिले. त्याचा अर्थ, कातळांमधली मोकळी जागा.