हास्याची प्रतवारी आणि मराठवाड्याचा हिस्सा

गेल्या उन्हाळ्यात नांदेड येथे एका स्नेह्यांच्या घरी रात्री गच्चीवर चार मंडळी जमली होती. त्यांत पुण्याहून आलेले एक वयोवृद्ध गृहस्थ होते. बोलता बोलता गोष्ट मुंबई दूरदर्शनवरील जुन्या 'चिमणराव' मालिकेवर आली, आणि त्या गृहस्थांनी तिच्या भागांची प्रतवारी सांगण्यास आरंभ केला. अमुक भाग पहिला, तमुक दुसरा, आणि एक तर मुळीच साधला नाही, अशी बोटे मोजून त्यांनी ती सांगितली. आमचे यजमान मूळचे लातूरकडचे, हयात शिक्षकीत घालविलेले. ते सर्व शांतपणे ऐकत होते. "तुमचे मत काय?" असे पाहुण्यांनी विचारताच ते हसून म्हणाले, "आमच्याकडं तवा टी.व्ही.च कुठं होता? आम्ही काय सांगावं बगा!"

मंडळी हसली, आणि विषय उन्हाळ्याकडे व पाण्याकडे वळला. आमच्या मनातून मात्र ते वाक्य गेले नाही. सबंध महाराष्ट्राची म्हणून जी मालिका गणली जाते, तिच्याविषयी महाराष्ट्राच्या एका मोठ्या भागास मतच देता येऊ नये, ही गोष्ट केवळ हसण्यावारी नेण्याजोगी आहे काय? विनोदी मालिकेच्या भागांची प्रतवारी लावणे हा वरवर पाहता रिकामपणाचा खेळ दिसतो. परंतु ती कोण लावू शकतो आणि कोण लावू शकत नाही, हे पाहू गेल्यास त्या खेळामागे बराच इतिहास उभा असलेला आढळतो. त्याचाच थोडा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

प्रतवारी लावण्यास पहिली गोष्ट लागते ती ही की, जिची प्रत ठरवावयाची ती वस्तू शिल्लक असली पाहिजे. अमेरिकेत १९५१ साली सुरू झालेली 'आय लव्ह लूसी' ही मालिका चित्रपटाच्या फिल्मवर, तीन कॅमेरे लावून, प्रेक्षकांसमोर चित्रित करण्यात आली. फिल्म टिकली, म्हणून मालिका पुनःपुन्हा दाखविता आली. आणि पुनःपुन्हा दाखविली गेली, म्हणूनच नातवांनाही आजोबांच्या आवडीचा भाग कोणता हे पडताळून पाहता आले. इंग्लंडमधील 'फॉल्टी टॉवर्स' या मालिकेचे १९७५ साली सहा व १९७९ साली सहा असे अवघे बारा भाग झाले. ते बाराही सुरक्षित असल्यामुळे त्यांची क्रमवारी लावणे हा तेथील रसिकांचा आवडता उद्योग होऊन बसला आहे. याच्या उलट त्याच देशातील 'डॅड्स आर्मी' या मालिकेची गोष्ट. त्या काळी चुंबकीय फीत महाग असे, म्हणून झालेला कार्यक्रम पुसून तिच्यावर दुसरा घेण्याची रीत होती. त्या रीतीपायी तिच्या १९६९ सालच्या दुसऱ्या संचातील सहांपैकी पाच भाग नाहीसे झाले. दोन पुढे २००१ साली हाती आले. तीन अद्याप सापडलेले नाहीत. त्या तीन भागांची प्रत आता कोण ठरविणार? ते उत्तम होते असे म्हणणे जितके सोपे, तितकेच ते पोकळ.

आता चिमणरावांकडे वळू. चिंतामण विनायक जोशी (१८९२–१९६३) हे बडोद्यास पालीचे अध्यापक होते. त्यांनी निर्माण केलेला हा पुणेरी कारकून, त्याची बायको काऊ, मोरू, मैना, राघू ही मुले, आणि या पाखरांच्या घरट्यात धडधाकट पायांनी वावरणारा गुंड्याभाऊ, हे कुटुंब मराठी वाचकांच्या घरचेच होऊन गेले. पुस्तकातून ते पडद्यावर आले. मास्टर विनायकांच्या १९४० सालच्या 'लग्न पहावे करून' या बोलपटात दामुअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग यांनी ही जोडी रंगविली. पुढे १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनने दिलीप प्रभावळकरांस चिमणराव व बाळ कर्वे यांस गुंड्याभाऊ करून मालिका काढली, आणि या दोघांच्या चेहऱ्यांवाचून त्या व्यक्ती डोळ्यांपुढे आणणे त्या पिढीच्या प्रेक्षकांस अशक्य होऊन बसले. बाळ कर्वे २०२५ साली निवर्तले, तेव्हाही लोकांनी त्यांची ओळख गुंड्याभाऊ म्हणूनच सांगितली.

परंतु ही पिढी म्हणजे नेमके कोण? मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढल्या वर्षी पुण्यास त्याचे सहक्षेपण होऊ लागले. अशा केंद्राचा चांगला टप्पा फार तर शंभर-सव्वाशे किलोमीटरांचा. लातूर हे पुण्यापासून सरळ रेषेत मोजले तरी पावणेतीनशे किलोमीटरांहून दूर, आणि नांदेड त्याच्याही पलीकडे. तेव्हा चिमणराव गुंड्याभाऊसह पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांत शिरला, त्या वेळी लातूरच्या छपरावर कोणी हौसेने अँटेना उभारली असती तरी तिने काय पकडले असते? येथे इतिहासाचा एक चमत्कारिक योग आहे. १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी दाखविण्याचा जो प्रयोग झाला, त्यासाठी निवडलेल्या सहा राज्यांत कर्नाटक व आंध्र होते, महाराष्ट्र नव्हता. त्या प्रयोगाच्या मागोमाग १९७७ साली हैदराबादेस व गुलबर्ग्यास क्षेपणकेंद्रे उभी राहिली. गुलबर्गे लातूरपासून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटरांवर. म्हणजे चिमणरावाच्या ऐन भराच्या काळात लातूरकरांस सर्वांत जवळचा दूरचित्रवाणीचा मनोरा होता तो कानडी खेडुतांसाठी उभारलेला! नांदेडकरांस मुंबई-पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ, हे तर निजामी अमदानीपासूनचे सत्य. १७ सप्टेंबर १९४८ रोजी राज्य गेले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबईत आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. पण आकाशातील लहरींना या गोष्टींचा पत्ता लागावयास आणखी वीस-पंचवीस वर्षे जावी लागली.

बरे, तेव्हा हुकले ते मागाहून पाहावे म्हटले, तर चिमणराव आरंभापासून अखेरपर्यंत क्रमाने पाहण्याची सोय आज सामान्य प्रेक्षकास नाही. यात दैवाचा एक विनोद असा की, चिं. वि. जोशी हे बडोदे संस्थानचे राजदफ्तरदार होते. जुने कागद जपून ठेवणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्याच मानसपुत्राचे दफ्तर असे विस्कळीत व्हावे, हा प्रसंग खुद्द त्यांस सुचता तर त्यांनी त्यावर एक कथा अवश्य लिहिली असती.

मराठवाड्यात दूरचित्रवाणी आली ती दिल्लीच्या वाटेने. १९८३ च्या ऑगस्टात इन्सॅट-१बी हा उपग्रह अवकाशात गेला आणि १९८४ साली देशभर लहान शक्तीचे क्षेपक उभारण्याचा सपाटा सुरू झाला. काही महिने तर दिवसास एक या वेगाने. हे क्षेपक उपग्रहावरून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम घेत व भोवतालच्या पंधरा-वीस किलोमीटरांत पसरवीत. त्यांवरून मराठी चिमणराव येणार कोठून? आला तो त्याच वर्षीचा हिंदी 'ये जो है ज़िंदगी'. शरद जोशींचे लेखन, शफी इनामदार व स्वरूप संपत हे जोडपे, आणि दर भागात निराळ्याच सोंगाने दारात उभे राहणारे सतीश शहा. गल्लीत एक संच, पुढे सतरंजीवर मुले, मागे दारातून डोकावणारी मोठी माणसे, असा तो काळ आमच्या पिढीच्या पुष्कळांस आठवत असेल. मराठवाड्याची विनोदी मालिकेशी पहिली ओळख झाली ती अशी हिंदीतून. यात आमच्या वडीलधाऱ्यांस काही वावगे वाटले नाही. निजामी राज्यात कारभाराची भाषा उर्दू, १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून. तेव्हा त्या बोलीतली कोटी त्यांस पुणेरी कोटीपेक्षा कदाचित लवकरच उमगत असे. हा आमचा उणेपणा नव्हे, निराळी शिदोरी आहे. पण तिची नोंद मराठी विनोदाच्या इतिहासात कोणी घेतली आहे काय? नांदेडच्या ज्या विचारवंताने ती साक्षेपाने घेतली असती, ते नरहर कुरुंदकर फेब्रुवारी १९८२ मध्येच गेले.

प्रतवारीस लागणारी दुसरी गोष्ट म्हणजे पोच. तिची कहाणी ही अशी आहे. तिसरी गोष्ट याहून नाजूक, ती म्हणजे भाषेचा मान. पुण्यामुंबईकडच्या विनोदात शुद्ध बोलणारा तो घरधनी आणि गावाकडचे बोलणारा तो गडी, अशी वाटणी पुष्कळ काळ रूढ होती. ज्याच्या बोलीस हसावयाचे, त्यानेच त्या हसण्याची प्रत ठरवावी, ही अपेक्षा जरा कठोरच होय. ही वाटणी मोडण्याचे मोठे काम औरंगाबादच्या लक्ष्मण देशपांडे यांनी केले. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात मराठवाड्यातील खेड्याचे सबंध वऱ्हाड त्यांनी एकट्याने, पन्नासांहून अधिक व्यक्ती होऊन, रंगभूमीवर आणले. त्यात बोली हे थट्टेचे निमित्त नव्हते. बोली हेच घर होते. पुढे मकरंद अनासपुरे यांनी तोच हेल चित्रपटाच्या नायकाच्या तोंडी बसविला. यानंतर मराठवाड्याचा माणूस हसण्याचा विषय राहिला नाही असे नव्हे, पण तो हसण्याचा धनीही झाला.

ऑगस्ट १९९९ मध्ये अल्फा मराठी ही खाजगी वाहिनी निघाली आणि केबलच्या तारांवरून ती गावोगाव गेली. तिच्यावर २००१ साली केदार शिंदे दिग्दर्शित 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या लेखनातून ती निघाली, आणि आजोबांचे कामही त्यांनीच केले. आमच्या मते या मालिकेचे ऐतिहासिक महत्त्व तिच्या गुणांइतकेच यात आहे की, ठाणे, पुणे, लातूर व नांदेड येथील माणसे एकाच संध्याकाळी एकाच आजोबांस हसली. चिमणराव ही महाराष्ट्राच्या एका भागाची आठवण; टिपरे ही पहिल्यांदा सगळ्यांची झाली. म्हणून तिच्या भागांविषयी नांदेडच्या गच्चीवर वाद घातला, तर तो बरोबरीच्या नात्याने घालता येतो.

आता प्रतवारीचा निकष. अमुक भाग पहिला असा क्रमांक आम्ही लावीत नाही. पण कुटुंबविनोदाच्या भागांच्या तीन प्रती आम्हांस स्पष्ट दिसतात. कनिष्ठ प्रत ती, जिच्यात हसू एखाद्याच्या बोलीवर, जातीवर वा शरीरव्यंगावर उभे असते. पाहणारा त्या माणसाच्या गावचा निघाला की ते हसू तेथेच मरते. मध्यम प्रत घोटाळ्याची: चुकीच्या पत्त्यावर गेलेले पत्र, एक खोटे झाकण्यास रचलेली सात खोटी. पहिल्या खेपेस ती पोट धरून हसविते. दुसऱ्या खेपेस गुपित ठाऊक असल्यामुळे केवळ कारागिरी दिसते. उत्तम प्रत ती, जिच्यात हसू स्वभावातून उगवते. चिमणरावांचा भित्रेपणा व गुंड्याभाऊंचा दांडगा आत्मविश्वास एका खोलीत ठेवले की घोटाळा आपोआप होतो, आणि तो उलगडल्यावरही त्या दोघांविषयीची माया उरते. या प्रतीची परीक्षा अगदी घरगुती आहे: दुसऱ्या दिवशी तो प्रसंग, चित्राच्या मदतीवाचून, न पाहिलेल्या माणसास नुसता सांगून हसविता येतो की नाही? २०१६ च्या एप्रिलात लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या दिवसांत टँकरपाशी घागरींची रांग लावून बसलेल्या माणसांत जो प्रसंग कोणी सांगावा आणि रांगेतला शेवटचा माणूसही हसावा, तो उत्तम. याहून कडक परीक्षक आम्हांस ठाऊक नाहीत.

या निकषाने पाहता आमचे यजमान उगाच विनयाने गप्प बसले होते. कारण मंडळी उठल्यावर त्यांनी आम्हांस आतल्या खोलीत नेले आणि कपाटातून चिं. वि. जोश्यांचे एक जीर्ण, दोऱ्याने शिवलेले पुस्तक काढले. लहानपणी त्यांच्या वडिलांनी ते कंदिलाच्या उजेडात घरच्यांस वाचून दाखविले होते, पुढे त्यांनी मुलांस. कोणत्या कथेस आई हसली, कोणत्या कथेस आजी रागावली, हे सारे त्यांस पाठ. त्यांच्या चिमणरावास प्रभावळकरांचा चेहरा नव्हता. तो त्यांच्या तालुक्याच्या कचेरीतील एका कारकुनासारखा दिसे. ही प्रतवारी नव्हे तर काय?

आमची विनंती एवढीच आहे. दूरदर्शनच्या ज्या जुन्या फिती कोठे उरल्या असतील, त्या सर्वांस पाहावयास खुल्या व्हाव्यात, म्हणजे जे तेव्हा टप्प्याबाहेर होते त्यांस आपला हिस्सा उशिरा का होईना मिळेल. आणि मराठवाड्यातील वृद्धांनी आपण काय पाहिले, काय वाचले, कशास हसलो, हे लिहून ठेवावे. फीत पुसली जाते, तशी आठवणही पुसली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी आमच्या आग्रहावरून यजमानांनी पाहुण्यांस आपली क्रमवारी सांगितली. दोघांचा पहिला क्रमांक जुळला नाही, आणि वाद जेवणापर्यंत चालला.