इंजिनाची गाळणी : तिची पारख कशी बदलत गेली

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात, वांगणीसारख्या गावी, मोटार ही चैनीची वस्तू नव्हे. बाजारहाट, शाळा-कचेरी आणि अडीअडचणीला जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय, या सगळ्यांना जोडणारा धागा म्हणजे एस.टी. आणि ती नसेल तेव्हा जीप. पावसाळ्यात घाटात जीपचे इंजिन बसले, तर मालकाचे नुकसान तर होतेच, पण आत बसलेल्या माणसांचा खोळंबा त्याहून मोठा. आता इंजिन अकाली बसते ते कशाने? दर वेळी काही मोठा आघात झालेला नसतो. पुष्कळदा तेलात साठलेली बारीक घाण ते आतून हळूहळू खात आलेली असते. ही घाण अडविणारी जी गाळणी, म्हणजे आपला ऑइल फिल्टर, तिची पारख माणूस कशी करीत आला, याची हकिगत मोठी उद्बोधक आहे.

आधी ही घाण कसली, ते पाहू. हवेबरोबर आत शिरलेली धूळ, इंधन जळून झालेली काजळी आणि यंत्राचे भाग एकमेकांवर घासून पडलेला धातूचा कीस, असे हे तिहेरी मिश्रण असते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधला तेलाचा थर त्याच्या मानाने कितीतरी पातळ. त्या थरात मावणार नाही एवढा कण शिरला, की तो कानशीसारखा घासू लागतो. जनरल मोटर्सच्या 1988 सालच्या एका अभ्यासात असे दिसले, की 40 मायक्रॉनच्या गाळणीऐवजी 30 मायक्रॉनची वापरली तर इंजिनाची झीज सुमारे निम्म्याने घटते, आणि 15 मायक्रॉनची वापरली तर सुमारे 70 टक्क्यांनी. डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचा हा प्रताप आहे, बरं का!

मोटारीच्या बाल्यावस्थेत मात्र अशी गाळणी नव्हतीच. 1908 ते 1927 या काळात निघालेल्या फोर्डच्या सुप्रसिद्ध मॉडेल टी गाडीत तेलाचा पंपसुद्धा नव्हता. फिरणाऱ्या भागांनी तेल उडवावे आणि ते जाईल तिथे जावे, असा कारभार. ज्या गाड्यांना पंप होता, त्यांच्या पंपाच्या तोंडाशी तारेची जाळी बसविलेली असे. खडा, चिंधी, मोठा कचरा ती अडवी. बारीक धुळीपुढे तिचा इलाज नव्हता. त्यामुळे पारख करावयाची ती तेलाचीच. चिमटीत तेलाचा थेंब घ्यावा, चोळून पाहावा, खरखर लागली तर सगळे तेल ओतून टाकावे. तेल वरचेवर बदलावे लागे आणि खर्चही तसाच होई.

1923 च्या सुमारास अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड या संशोधकाने यावर तोड काढली. आपल्या साधनाला त्याने ‘प्युरोलेटर’ असे नाव दिले. ‘प्युअर ऑइल लेटर’, म्हणजे ‘शुद्ध तेल पुढे’, या इंग्रजी शब्दांचा तो संक्षेप. 1924 साली निघालेल्या क्रायस्लरच्या गाडीत ही गाळणी होती. तिची रचना साधी होती. भोके पाडलेल्या चकत्यांवर घट्ट विणीचे कापड ताणून बसवावयाचे आणि त्यातून तेल सोडावयाचे. पण त्यात एक फार शहाणपणाची गोष्ट होती. तेल वाहते आहे की नाही हे मालकाला दिसावे, म्हणून तिला काचेची लहानशी खिडकी ठेवलेली होती. गाळणी आपले काम करते आहे की नाही, हे ज्याची गाडी त्याला पाहता यावे, हा विचार अगदी आरंभापासूनचा आहे.

पुढची वीसेक वर्षे गाळणी बाजूच्या वाटेवर बसविण्याची चाल होती. पंपाने ढकललेल्या तेलाचा साधारण दहावा हिस्सा गाळणीतून जाई, बाकीचे तेल न गाळताच थेट बेअरिंगकडे. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप याच पद्धतीची. इंजिनाच्या कडेला एक डबा, त्यावर झाकण, आणि आत बदलता येणारा भरगच्च गोळा. मेस्त्री त्याला ‘एलिमेंट’ म्हणत. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने याच जीपची जुळणी मुंबईत सुरू केली, आणि हळूहळू ही गाडी आपल्या डोंगरदऱ्यांत ओळखीची झाली. या डब्याचा गुण असा, की झाकण उघडले की सारे डोळ्यांसमोर. एलिमेंट कशाचा भरला आहे, दाबून पाहिला तर बसका लागतो की ताठ, डब्याच्या तळाशी गाळ किती, त्यात पितळेची चमक आहे की लोखंडाचा कीस, हे सारे मेस्त्रीला हातात घेऊन पाहता येई. जुन्या फिटरांची पारख या उघड्या डब्यावर तयार झाली.

1948 हे साल या भागाला दोन कारणांनी महत्त्वाचे. त्या वर्षी मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि त्याच वर्षी 1 जून रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. त्या आरंभीच्या काळात एस.टी.कडे शेव्हरोले, फोर्ड, बेडफोर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शिअल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा कंपन्यांच्या गाड्या होत्या. एका गाडीचा सुटा भाग दुसरीला लागेलच असे नाही. अशा वेळी नावाकडे न पाहता वस्तूकडे पाहण्याची सवय कामगाराला लावून घ्यावी लागते. 1954 पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजच्या मोटारी तयार होऊ लागल्या आणि डिझेलचा काळ आला. डिझेलची काजळी तेलाला लवकर काळे करते. त्यामुळे नुसता रंग पाहून निदान करण्याचे दिवस संपले.

त्याच सुमारास गाळणीतही दोन मोठे बदल झाले. पहिला असा, की सगळेच तेल गाळूनच पुढे जाऊ लागले. हा मोठाच फायदा. पण गाळणी तुंबली किंवा पहाटेच्या गारठ्यात तेल घट्ट झाले तर इंजिन उपाशी राहील. म्हणून तिच्यात दाब वाढला की उघडणारी एक झडप आली. झडप उघडली की तेल न गाळताच जाते. उपाशी राहण्यापेक्षा अस्वच्छ खाल्लेले बरे, असा हा हिशेब. दुसरा बदल म्हणजे कापड, कापूस जाऊन राळेत भिजवून वाळविलेला, घड्या घातलेला कागद आला, आणि 1950 च्या दशकात तो कागद, झडपा, स्प्रिंग सगळे एका पत्र्याच्या डब्यात कायमचे बंद झाले. जुना डबा फिरवून काढावा, नवा आट्यांवर फिरवून बसवावा, पाच मिनिटांत काम! सोय झाली खरी, पण खिडकी मिटली. झाकली मूठ सव्वा लाखाची, अशातली गत झाली. रंग झकास, छाप सुबक, आणि आत काय आहे ते देव जाणे. नकली मालाला यासारखी सोयीची जागा दुसरी कुठली?

मग पारखणाऱ्याने डबा कापून पाहावयास सुरुवात केली. येथे एक सावधगिरी हवी. करवतीने कापला तर करवतीचाच कीस आत पडतो आणि निष्कर्ष चुकतो. म्हणून डबा उघडण्याच्या हत्यारासारखे फिरते पाते वापरतात. आत पाहावयाचे ते असे. कागदाच्या घड्या सारख्या अंतरावर आहेत की कुठे दाटी, कुठे पोकळी? कागदाची दोन टोके जिथे जोडली तो सांधा पूर्ण चिकटला आहे काय? दोन्ही टोकांच्या चकत्यांशी कागद घट्ट धरलेला आहे काय? कारण तिथे केसाएवढी फट असली, तरी तेल कागद चुकवून त्या फटीनेच जाणार. पाणी जसे नेहमी सोपी वाट धरते, तसेच तेल. मधली भोकाची नळी दाबाने चेपेल इतकी लेचीपेची नाही ना? इंजिन बंद झाल्यावर तेल मागे ओघळू न देणारी रबरी चकती नरम आहे की कडक होऊन तडकली आहे? ती निकामी असेल, तर सकाळी गाडी सुरू करताच पहिले काही क्षण इंजिन कोरडेच फिरते. आणि बाहेरच्या बाजूला आटे स्वच्छ कापलेले, वायसर आपल्या खाचेत नीट बसलेला हवा.

एवढे पाहिले म्हणजे सगळे समजले, असे मात्र नाही. डोळ्यांना कारागिरी दिसते, कागदाच्या छिद्रांचा बारीकपणा दिसत नाही. पुष्कळ कागद भरला म्हणून गाळणी चांगली, असेही नव्हे. पीठ चाळणाऱ्या बाईला विचारा. चाळणीच्या आकारापेक्षा तिची वीण महत्त्वाची, हे ती लगेच सांगेल. म्हणूनच आय.एस.ओ. 4548 या आंतरराष्ट्रीय मानकात गाळणीच्या निरनिराळ्या परीक्षा वेगवेगळ्या भागांत ठरविल्या आहेत. झडप किती दाबाला उघडते, डबा किती दाबाला फुटतो, धक्क्यांनी तो थकतो काय, आणि ठरावीक धूळ मिसळलेले तेल पुनःपुन्हा फिरवून कोणत्या आकाराचे किती कण अडतात, हे त्यांत मोजतात. आपल्याकडे वाहने आणि त्यांचे भाग तपासणारी संस्था, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुण्यात 1966 साली स्थापन झाली. हात, डोळा आणि प्रयोगशाळा, तिघांची साक्ष जुळली म्हणजे पारख पुरी होते.

पण घाटात जीप चालविणाऱ्याजवळ कुठली प्रयोगशाळा? त्याने नव्या फिल्टरच्या जोडीला आपला जुना फिल्टर कापून पाहावा. नवा फिल्टर बनविणाऱ्याची कारागिरी सांगतो. जुना फिल्टर आपल्या इंजिनाची प्रकृती सांगतो. कागद फाटलेला किंवा घड्या चेपलेल्या निघाल्या, तर पुढच्या खेपेला तो माल घेऊ नये. घड्यांत धातूची चमक दिसली, तर इंजिन मेस्त्रीला दाखवावे. आणि कागद गच्च तुंबलेला असेल, तर दोष फिल्टरचा नसून तेल बदलावयास उशीर करणाऱ्या मालकाचा असू शकतो, हेही ध्यानात घ्यावे. मुरमाच्या रस्त्यावर धूळ खात चालणाऱ्या गाडीला शहरातल्या गाडीचे वेळापत्रक लावून कसे चालेल?

अलीकडच्या काळात पुष्कळ मोटारींत पुन्हा झाकण उघडून आतला एलिमेंट तेवढा बदलण्याची पद्धत आली आहे. दर वेळी पत्र्याचा डबा फेकावा लागू नये, हे त्यामागचे एक कारण. पण त्यामुळे आपसूकच आणखी एक गोष्ट साधली आहे. स्वीटलँडने ठेवलेली आणि मधल्या काळात पत्र्याआड गेलेली खिडकी या गाड्यांत पुन्हा उघडली आहे. तिच्यातून डोकावून पाहण्याची सवय मात्र ज्याची त्यालाच लावून घ्यावी लागेल.