मळीपासून मक्यापर्यंत

ग्वाल्हेर संस्थानचा इतिहास आपण बहुधा किल्ला, दरबार आणि गायकी यांच्या आधारे सांगतो. शेतात काय पेरले जात होते आणि ते कोणाच्या धोरणामुळे, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. वास्तविक शिंद्यांच्या मुलखातील सुपीक जिल्हे राजधानीपासून दूर माळव्यात होते: उज्जैन, शाजापूर, मंदसौर. आज इंधनासाठी धान्य पिकवण्याचे धोरण या काळ्या जमिनीपर्यंत पोहोचले आहे. पण परक्या निर्णयापायी पीक ठरण्याची तिची ही पहिली वेळ नव्हे.

पूर्वी ते पीक अफूचे होते. विहिरीलगतची, भरपूर खत घातलेली उत्तम जमीन तिला लागे. बंगाल-बिहारच्या अफूची मक्तेदारी कंपनीकडे होती. माळव्याची अफू चीनच्या बाजारात तिच्याशी स्पर्धा करू लागली, तेव्हा कंपनीने ती अडवून पाहिली. व्यापाऱ्यांनी माल राजपुतान्यातून कराचीमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला नेला. अखेर १८३० च्या सुमारास कंपनीने अडवणूक सोडली आणि मुंबईला जाणाऱ्या पेट्यांवर परवान्याचे शुल्क बसवले. १८४३ मध्ये सिंध ताब्यात आल्यावर पळवाट बुजली आणि शुल्क वाढत गेले. पुढे १९०७ च्या करारानुसार चीनकडे जाणारी अफू दरसाल कमी करण्यात आली व १९१३ मध्ये ती निर्यात थांबली. करार योग्यच होता. मात्र तो झाला ब्रिटन आणि चीन यांच्यात. पीक बदलावे लागले मंदसौरच्या शेतकऱ्याला.

इंधनाची कथा याहून साधी सुरू झाली, कारण तिच्या आरंभी जमिनीचा प्रश्नच नव्हता. १९३२ मध्ये साखरेला संरक्षण मिळाले आणि देशातील तीसेक कारखान्यांचे पाच-सहा वर्षांत सव्वाशेहून अधिक झाले. साखरेबरोबर मळी आली; ती कोठे टाकावी हीच पंचाईत. आपल्या डबऱ्याचा कारखानाही संस्थानी काळातला. १९४६ मध्ये दरबाराने त्याच्या उसावर मणामागे एक आण्याचा उपकर बसवला होता. (हा कारखाना बंद पडला असून डबऱ्याची मंडी आज धानासाठी ओळखली जाते.) मळीपासून मद्यार्क करून तो पेट्रोलमध्ये मिसळावा, यासाठी १९४८ मध्ये केंद्राने स्वतंत्र कायदा केला. २००१ मध्ये मिरज आणि मनमाड येथे मिश्रणाचे प्रयोग झाले, तेही मळीच्याच आधारावर. टाकाऊ मळी इंधनात गेल्याने कोणाच्या ताटातली भाकरी कमी होत नव्हती.

हे गणित २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानंतर बदलले. उसाचा रस, खराब धान्य आणि मका यांना वाट मोकळी झाली; वीस टक्के मिश्रणाचे २०३० चे लक्ष्य २०२२ मध्ये पाच वर्षे अलीकडे ओढले गेले. २०१४ मध्ये जेमतेम दीड टक्का असलेले मिश्रण २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचले. परकीय चलन वाचले, उसाची थकबाकी फिटण्यास मदत झाली. हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या टंचाईच्या भीतीने उसाच्या रसावर बंधने आली, तेव्हा भार मक्यावर पडला. २०२३-२४ मध्ये मका इथेनॉलचा सर्वांत मोठा स्रोत ठरला, आणि मका निर्यात करणारा हा देश तो म्यानमार व युक्रेनकडून आणू लागला.

अमेरिकेने हे आधी अनुभवले होते. २००७ मध्ये तेथे मक्याचे क्षेत्र एका वर्षात सुमारे दीड कोटी एकरांनी वाढले आणि सोयाबीनचे एक कोटीहून अधिक एकरांनी घटले. त्याच वर्षाच्या आरंभी मेक्सिकोत मक्याच्या रोटीच्या महागाईविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले.

माळव्यात मात्र मक्याची झळ सोयाबीनला दुसऱ्याच वाटेने लागली. शंभर किलो मक्यापासून सुमारे ३८ लिटर इथेनॉल निघते आणि तीसेक किलो प्रथिनयुक्त चोथा उरतो. हा स्वस्त चोथा कोंबड्यांच्या खाद्यात सोयापेंडीची जागा घेऊ लागला. आयात तेल आणि जागतिक मुबलकता ही कारणेही होतीच. पण पेंडीची मागणी ढासळल्याने २०२४ मध्ये सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकले गेले. पुढच्या खरिपात देशभर सोयाबीनचा पेरा घटला आणि मक्याचा वाढला. सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये झाला तरी बाजार त्याखालीच राहिला, म्हणून मध्य प्रदेश सरकारला २०२५ मध्ये भावांतर योजना लागू करावी लागली. त्याच हंगामात मंड्यांतून नवा मकाही आला. तोही आपल्या २,४०० रुपयांच्या हमीभावाखालीच विकला गेला.